तिसऱ्यांदा विचारल्यावर

हल्ली मी आमच्या इमारतीत मागच्या जिन्याने ये-जा करतो. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय असं मी सगळ्यांना सांगतो, आणि सगळे म्हणतात, "बरं झालं, तब्येतीला चांगलं." मी खोटं बोलतोय हे त्यांना ठाऊक आहे. पण मिनेसोटातल्या आमच्या डुलुथची माणसं इतकी सभ्य, की खोटं बोलणाऱ्याच्याही तब्येतीची चौकशी करतील. या सभ्यपणानेच माझा घात केला. आता मीही याच गावचा, मीही तितकाच सभ्य, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार?

माझं नाव आर्लन स्कोगस्टॅड. मी इमारत चालवतो. हे वाक्य ऐकून लग्नाआधी माझे सासरे चांगलेच चक्रावले होते. आगगाडी चालवतात, बोट चालवतात, गेला बाजार दुकान चालवतात; पण जागची न हलणारी इमारत हा जावई चालवतो म्हणजे नेमकं करतो काय? शेवटी मी त्यांना तळघरात नेलं. बॉयलर, पंखे, पाइप, झडपा, कुठल्या मजल्याला किती ऊब सोडायची ते ठरवणारी पेटी, सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे शेगडी सांभाळतोस." तेव्हापासून सासरच्या मंडळींत मी शेगडीवाला आहे.

तर या शेगडीवर यंदा गंडांतर आलं. इमारतीचे मालक मिनिआपोलिसला असतात. त्यांनी कळवलं की यापुढे इमारत चालवणाऱ्याकडे वीज आणि इंधन वाचवण्याचं रीतसर प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र असलं पाहिजे. ते नसेल तर आमची इमारत मिनिआपोलिसमध्ये बसलेला एक कॉम्प्युटर चालवेल. माझी नोकरी जाणार नव्हती. मला फक्त दिवे बदलायचं आणि पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकायचं काम उरणार होतं. ज्या बॉयलरचा खोकला मला पार्किंगमधून ऐकू येतो, त्याची नाडी आता अडीच तासांवर बसलेलं कुठलं तरी यंत्र बघणार! नोकरी गेली असती तर परवडलं असतं, पण हे म्हणजे स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून राहायचं. मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं.

शिकवायला लॉरेटा प्रुइट बाई होत्या. मूळच्या ॲरिझोनाच्या, वाळवंटातल्या. वर्गात हीटर चालू असतानाही त्या कोट काढत नसत. बोलणं एकदम सरळ, मनात असेल ते तोंडावर. पहिल्या दिवशी त्यांनी डोनटचा मोठा खोका आणला, झाकण उघडलं आणि विचारलं, "कुणाला हवेत?"

आता आमच्याकडची रीत अशी आहे. काहीही देऊ केलं की आधी "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर "नको हो, कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग नाइलाज झाल्यासारखा चेहरा करायचा आणि "आता इतकं म्हणताय तर… थोडं" म्हणून बशी पुढे करायची. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे एक तर लहान मूल असतो, नाही तर परगावचा. त्यामुळे सगळ्या वर्गाने एकसुरात "नको, नको" म्हटलं.

"बरं," म्हणाल्या बाई, आणि झाकण लावून टाकलं.

त्या दिवशी त्यांनी पंखे, पंप आणि हवेच्या झडपा यांच्याबद्दल फार मौलिक माहिती दिली असं म्हणतात. मला त्यातलं काहीही आठवत नाही. माझं आणि शेजारी बसलेल्या पाओ व्हांगचं सगळं लक्ष त्या झाकणाकडे होतं. हा पाओ हॉस्पिटलची इमारत चालवतो. त्याचे आईवडील लाओसहून आलेले, पण पोराचा जन्म मिनेसोटाचा, त्यामुळे तोही "नको" म्हणून बसला होता आणि आवंढे गिळत होता.

प्रशिक्षणाचा खरा कस शेवटच्या प्रयोगात होता. प्रत्येकाने आपापल्या इमारतीत बचतीचा काहीतरी उपाय करायचा, आणि हिवाळा संपत आला की सगळ्या वर्गाने येऊन तो पाहायचा. बाईंची अट एकच. "बचत करा, पण आत बसलेल्या माणसाला त्याची झळ लागता कामा नये. माणसं गारठवून इंधन वाचवायला अक्कल लागत नाही, ते कुणीही करेल." हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. मान डोलावली होती. पुढे जे झालं त्यात अज्ञानाची सबबही मला उरलेली नाही.

नमुन्यादाखल मी तिसरा मजला निवडला. तिथे एका विमा कंपनीचं ऑफिस आहे, आणि कोपऱ्यात कर सल्लागार क्विस्ट यांची खोली. विमा ऑफिसची सगळी सूत्रं आर्डिस थॉर्सगार्डच्या हातात. आर्डिस माझी जुनी मैत्रीण. रोज सकाळी तिच्या टेबलाशी कॉफी घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. म्हणजे ती विचारते, मी नको म्हणतो, ती विचारते, मी नको म्हणतो, ती विचारते आणि मी घेतो. असा आमचा वर्षानुवर्षांचा घरोबा.

मी मजल्याची ऊब दोन अंशांनी कमी केली. शिवाय माणसांची हालचाल थांबली की आपोआप बंद होणारे दिवे बसवले. आणि तापमान नोंदवत राहणारी एक छोटी डबी थर्मोस्टॅटच्या शेजारी, आर्डिसच्या टेबलामागच्या भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी आर्डिसला विचारलं, "थंडी नाही ना वाजत?"

"छे, छे," ती म्हणाली. "छान आहे की."

झालं. माणसाला झळ लागली नसल्याची खात्री मी स्वतः करून घेतली होती.

घरी मार्लिसला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती खिमा-बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं ओव्हनमधून काढत होती. तिने विचारलं, "बायकांना विचारलंस?"

"विचारलं ना."

"किती वेळा?"

हा प्रश्न मला बायकी वाटला. मी वर्तमानपत्र उघडलं.

बायकोचा सल्ला मानला नाही, पण शेजाऱ्याचा मानला. आमचा शेजारी राइनो पिएटिला फिनिश वंशाचा. अंगणात त्याने सौना, म्हणजे वाफेची खोली, बांधलीय, त्यात भाजून निघायचं आणि मग उघड्याने बर्फात लोळायचं हा त्याचा शनिवारचा कार्यक्रम. सौना सोडून घरात आणखी कुठे ऊब असणं त्याला चैनबाजी वाटते. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता मी त्याला प्रयोग सांगितला.

"दोनच अंश?" तो म्हणाला. "लेका, दोन अंशांना प्रमाणपत्र देत नाहीत, फार तर शाबासकी देतात. आणखी खाली आण. कुणी कुरकुरलं का?"

"कुणीच नाही."

"मग? जोवर कुरकुर नाही तोवर थंडी नाही. थंडी म्हणजे मनाचे खेळ."

आजूबाजूच्या टेबलांवरून लगेच आणखी सल्ले आले. एकाने खिडक्यांना प्लास्टिक लावायला सांगितलं, एकाने सगळ्यांना लोकरीचे पायमोजे वाटायला सांगितलं, एका म्हातारबाबांनी तर इमारतीत गाई ठेवल्या तर आपसूक ऊब राहते असा स्वानुभव सांगितला. मी सोमवारी आणखी दोन अंश उतरवले आणि आर्डिसला पुन्हा विचारायचं ठरवलं होतं, पण म्हटलं, एकदा विचारलंय, उगाच बाईमाणसाला त्रास नको.

आता पुढचं सांगताना माझी मान आपोआप खाली जाते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं हो! आर्डिस खांद्यावर शाल घेऊन बसायला लागली. मी म्हटलं, "रंग खुलतो तुला." ती "थँक्यू" म्हणाली. टेबलाखाली तिचं भलंमोठं काहीतरी विणणं चालू होतं आणि ते विणता विणताच तिच्या मांडीवर पसरलेलं असायचं. मी विचारलं, "नातवासाठी का?" ती म्हणाली, "हो." तिचा नातू नौदलात आहे, चांगला सहा फुटी गडी, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

क्विस्ट हातमोजे घालून टाइप करताना दिसले. मला वाटलं, बिचाऱ्यांना कसला तरी त्वचेचा विकार झालाय. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "इसब का?"

क्विस्टनी माझ्याकडे पाहिलं, हातमोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. जरासं."

दुसऱ्या दिवशी मी मार्लिसच्या मावशीकडचं मलम नेऊन दिलं. ते नको म्हणाले. मी पुन्हा आग्रह केला. ते पुन्हा नको म्हणाले. मी तिसऱ्यांदा पुढे केलं तेव्हा घेतलं. म्हणजे बघा, मलमासाठी मी तीनदा विचारलं! रीत मला येत नव्हती असं नाही. ज्यात माझं कौतुक व्हायचं होतं तिथे ती बरोबर आठवली.

आणि ते हात हलवणं! एके दिवशी मी काचेच्या दाराबाहेरून जात होतो तर आतले सगळे माझ्याकडे बघून दोन्ही हात वर करून हलवत होते. मला भरून आलं. मी थांबलो, हसलो, मीही दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. पुढे रोजच असं होऊ लागलं. मी घरी सांगितलं, "मार्लिस, तिसऱ्या मजल्यावर माझ्याबद्दल काय प्रेम आहे म्हणून सांगू!" अंग चोरून निश्चल बसल्यामुळे दिवे बंद होत होते, आणि ते परत लागावेत म्हणून ती मंडळी हातवारे करत होती, हे मला कळायला पाव हिवाळा गेला. ते कळलं तेव्हाही मी फक्त दिव्यांची वेळ वाढवली. लोक एवढे निश्चल का बसतात, हा प्रश्न मला पडला नाही.

भिंतीवरची डबी मात्र मला रोज धीर देत होती. ती मजल्यावर छान ऊब आहे असंच सांगायची. मी अंश उतरवतोय आणि मजला उबदारच राहतोय! इतकी वर्षं हाताळून हाताळून इमारतीला माझ्या हाताचा गुण आलाय, अशी माझी समजूत झाली. बॉयलरचा गॅसही झकास वाचत होता. फक्त एका गोष्टीने जिवाला घोर लावला होता. तिसऱ्या मजल्याची वीज कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली होती.

मीटर बिघडला असणार म्हणून मी वीज कंपनीला फोन लावला. फोनवर यंत्र बोलू लागलं. वीज गेली असेल तर एक दाबा, बिल भरायचं असेल तर दोन दाबा, घर बदललं असेल तर तीन दाबा. 'वीज येतेय पण जास्त येतेय' याला बटणच नव्हतं. मी एक दाबला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "वीज गेलीय का?" मी म्हटलं, "नाही, आहे." ती म्हणाली, "मग छान." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. असं बरेच दिवस चालल्यावर एकदाचा माणूस आला. त्याने मीटर तपासला आणि म्हणाला, "मीटर ठणठणीत आहे. वर कुणी बेकरी काढलीय का?"

मला राग आला. "विम्याचं ऑफिस आहे ते," मी म्हटलं.

"बरं, बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यालाही सगळं कळलं असणार. पण तोही डुलुथचाच, दुसऱ्यांदा कशाला बोलेल?

वीज वाढतेय म्हटल्यावर मी घाबरलो आणि एकूण हिशेब जुळावा म्हणून ऊब आणखी उतरवली. त्याबरोबर वीज आणखी वाढली. मी आणखी उतरवली. बाहेर गावालगतचं सरोवर काठापासून दूरपर्यंत गोठलं होतं आणि आत मी माझ्या हाताच्या गुणावर विसंबून होतो.

वर्ग यायचा दिवस उजाडला. मी लग्नातला टाय कपाटातून काढून घातला. प्रुइट बाई, पाओ आणि बाकीची मंडळी लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर उतरली. विमा ऑफिसात सगळे आपापल्या जागी ताठ बसले होते. शाली, मफलर काहीही नाही. साध्या ब्लाउजमध्ये, हसतमुख. क्विस्टसुद्धा हातमोजे काढून आपल्या दारात येऊन उभे होते. मला वाटलं, मावशीच्या मलमाने गुण दिला.

मी बोलायला सुरुवात केली. भिंतीवरच्या डबीतला आलेख पडद्यावर दाखवला. "बघा," मी म्हटलं, "ऊब कमी सोडूनही मजला जराही गार झालेला नाही. आणि अख्ख्या हिवाळ्यात एकही तक्रार नाही. एकही!" हे 'एकही' मी जरा जास्तच नाट्यमय आवाजात म्हटलं.

प्रुइट बाईंनी कोटाची कॉलर वर केली. "मग मला इथे थंडी का वाजतेय?"

"तुम्ही ॲरिझोनाच्या," मी प्रेमाने म्हटलं.

तेवढ्यात आर्डिस उठली. माझ्या पाहुण्यांसाठी तिने रात्री लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, करून आणले होते आणि चर्चमधलं विजेवरचं मोठं कॉफीचं पिंप मागून आणलं होतं. "आर्लनची परीक्षा आहे, कॉफी तरी हवीच," असं म्हणत तिने पिंपाची पिन भिंतीत खुपसली.

फट्ट!

अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला. दिवे गेले, पडदा गेला, माझा आलेख गेला. खिडकीतून येणारा हिवाळी उजेड तो काय असणार. त्या अंधुकात एकेका टेबलाखाली काहीतरी लालभडक दिसायला लागलं. या टेबलाखाली, त्या टेबलाखाली, क्विस्टच्या खोलीतही. आणि मग ते सगळे लाल डोळे हळूहळू मिटत गेले.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

मागून एक बारीक आवाज आला, "टोस्टर."

"इतके?"

"आम्ही पाव फार खातो," क्विस्ट म्हणाले.

बाई खाली वाकल्या. आर्डिसच्या टेबलाखालची केराची टोपली त्यांनी बाजूला सारली. त्यामागे छोटा हीटर होता, अजून गरम. त्याच्या बरोबर वर भिंतीवर थर्मोस्टॅट आणि माझी डबी. बाईंनी भिंतीला हात लावून पाहिला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"मिस्टर स्कोगस्टॅड, तुमची भिंत उबदार आहे. माणसं नाहीत. भिंत गरम झाली की थर्मोस्टॅटला वाटतं, मजला गरम झाला. तो ऊब बंद करतो. मजला आणखी गारठतो, की आणखी हीटर येतात. बॉयलरचं काम तुम्ही टेबलाखाली नेलंत, एवढंच. आणि ते दुप्पट महाग."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण खाली दुसरा मजला होता. पाओ दुसरीकडे बघत होता, आणि तो दुसरीकडे बघतोय हेच मला जास्त लागलं. मी आर्डिसकडे वळलो. तिच्या ओठांचा रंग गेला होता. आलेल्या पाहुण्यांसमोर मला कमीपणा नको म्हणून तिने शाल काढून ठेवली होती.

"आर्डिस," मी विचारलं, "तुला थंडी वाजते का?"

"छे, छे."

"आर्डिस. वाजते का?"

"नाही रे, असं काही नाही. तू कशाला मनाला लावून घेतोस?"

मी तिसऱ्यांदा विचारलं. "वाजते का गं थंडी?"

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. "आता तू इतकं विचारतोस तर…" ती म्हणाली, "थोडी."

आणि बांध फुटला. "मलाही थोडी," मागून आवाज आला. "माझे पाय जरासे." "मला फक्त सकाळी, आणि दुपारी." क्विस्ट खाकरले. "मला हातांना. थोडी."

"पण तुम्हाला इसब…"

"इसब नाही मला. मलम मात्र चांगलं आहे. मी तळपायांना लावतो."

"अरे, पण कुणी बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. आमच्याकडे एवढ्या मोठ्याने कुणी बोलत नाही.

आर्डिस म्हणाली, "तुझी परीक्षा होती ना. मीच सांगितलं होतं सगळ्यांना, तोवर कुणी तक्रार करायची नाही म्हणून. तुझा बॉयलर त्या मिनिआपोलिसवाल्यांनी नेला असता तर तू काय केलं असतंस?"

मला लाज वाटली. मी ज्यांना गारठवत होतो ती माणसं माझी शेगडी राखायला कुडकुडत बसली होती, आणि वर रोज मला कॉफी विचारत होती. आणि मी काचेबाहेर उभा राहून हात हलवत होतो.

प्रुइट बाईंनी पेन काढलं. "हे मी उत्तीर्ण करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण हिवाळा अजून शिल्लक आहे. हीटर काढा, थर्मोस्टॅटची जागा बदला, नीट करून दाखवा. मी पुन्हा एकदा येईन. करायचाय का पुन्हा?"

मला ते जिवापाड हवं होतं. आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "नको, नको. तुम्हाला कशाला एवढ्या लांब त्रास."

"बरं," म्हणाल्या बाई. "तुमची मर्जी." त्यांनी पेनाला टोपण लावलं.

पाओने कपाळावर हात मारला. वर्गातल्या एकाने डोळे मिटून घेतले. बाई जिन्याकडे चालू लागल्या. माझा बॉयलर, माझे पंखे, माझ्या झडपा त्या टोपणाखाली बंद होऊन चालल्या होत्या, आणि मी सभ्यपणे हसत उभा होतो. त्या डोनटच्या झाकणाची आठवण झाली.

"बाई! थांबा!"

आर्डिस धावत गेली. अंगात साधा ब्लाउज, पायात जाड लोकरीचे मोजे. जिन्याच्या दारात तिने बाईंना गाठलं. "त्याला आणखी दोनदा विचारा."

"का? नको म्हणाले ना ते."

"पहिल्यांदा म्हणाला. पहिल्या नकोला काही अर्थ नसतो हो. दुसऱ्यालाही नसतो."

बाई सावकाश वर्गाकडे वळल्या. "म्हणजे पहिल्या दिवशीचे ते डोनट…"

"हवे होते, बाई," पाओ म्हणाला.

"कुणाला?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाओ म्हणाला, "सगळ्यांना."

"अरे देवा," म्हणाल्या बाई आणि जवळच्या खुर्चीत बसल्या. "तो खोका मी हॉटेलात नेऊन एकटीने संपवला." थोड्या वेळाने उठून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नवीन भाषेतलं वाक्य म्हणावं तशा सावकाश त्यांनी विचारलं, "मिस्टर स्कोगस्टॅड, खरंच नको?"

"नको हो," मी म्हटलं. "इतक्या बर्फातून तुम्ही कुठे येणार."

"आर्लन, येऊ का मी परत?"

सगळा मजला माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आता तुम्ही इतकं म्हणताय," मी म्हटलं, "आणि तुम्हाला फार अडचण नसेल… तर या."

मग मी तळघरात गेलो. पेटीवरचे सगळे अंश पूर्वी होते तिथे नेऊन ठेवले. बॉयलर खोकला, गुरगुरला आणि पाइपांतून ऊब वर चढायला लागली. मी थोडा वेळ तिथेच त्याच्या अंगावर हात ठेवून उभा राहिलो. मग फ्यूज बदलला आणि मागच्या जिन्याने वर आलो.

तोवर हीटर भिंतीशी ओळीने मांडून ठेवले होते. कॉफीचं पिंप चालू होऊन वाफ सोडत होतं. प्रुइट बाई लेमन बार खात होत्या; आर्डिसने विचारताक्षणी त्यांनी हो म्हटलं असणार. मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. दोघांनी लगेच खुर्ची दिली, आणि त्यामुळेच मला बसवेना.

आर्डिस शाल लपेटून, हातात रिकामा कप घेऊन माझ्यासमोर आली. तिची बोटं अजून लालच होती.

"आर्लन, कॉफी?"

"हो," मी म्हटलं.

सगळ्यांचे कप तोंडाशीच थांबले. क्विस्टनी नजर वळवली. आर्डिस कप तसाच धरून उभी राहिली, कारण पुढची दोन वाक्यं तिच्या तोंडात तयार होती. मग तिने ती गिळली आणि पिंपातून कप काठोकाठ भरला.